चार्जर काय म्हणाला ते कर्नलमध्ये कसं नोंदवायचं: लिनक्समधली यूएसबी पॉवर डिलिव्हरीची मांडणी

६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लॅपटॉपला जोडला की व्होल्टेज वाढण्याआधी दोघांत बोलणं होतं. या बोलण्याच्या नियमांना यूएसबी पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी, म्हणतात. चार्जर आपली यादी पाठवतो: ५ व्होल्ट, ९ व्होल्ट, १५ व्होल्ट, २० व्होल्ट, आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त किती अँपिअर. यादीतली प्रत्येक नोंद ३२ बिटांची असते. तिला पॉवर डेटा ऑब्जेक्ट, थोडक्यात पीडीओ, म्हणतात. नेहमीच्या एका मेसेजात अशा फार तर ७ नोंदी मावतात, कारण नोंदींची संख्या सांगायला मेसेजच्या हेडरमध्ये ३ च बिट ठेवलेले आहेत. लॅपटॉप यादी वाचतो आणि उत्तरात सांगतो, ‘४ नंबरचं द्या, इतका करंट लागेल.’ ठरावीक व्होल्टेजच्या नोंदीसाठी या उत्तरात व्होल्टेजचा आकडा नसतोच. असतो तो फक्त यादीतला नंबर.

हा नंबर लक्षात ठेवा. पीडीओ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कसे मांडायचे याचे जवळजवळ सगळे निर्णय त्याच्याभोवती फिरतात. नोंदीचा अर्थ लावण्यात चूक झाली तर ती पुढे दुरुस्त करता येते. पण नंबर सरकला तर वरच्या थरातला कोणताही प्रोग्राम चार्जरशी त्याच भाषेत बोलूच शकत नाही.

लिनक्समध्ये टाइप-सीसाठी स्वतंत्र क्लास, म्हणजे एकसारख्या उपकरणांचा गट, २०१७ मध्ये, कर्नलच्या ४.१२ आवृत्तीत आला. पोर्ट, समोरचं उपकरण म्हणजे पार्टनर, केबल हे सगळं त्यात दिसत होतं. पण समोरचा चार्जर नेमकं काय देऊ करतोय हे बघायचं तर ड्रायव्हरचा लॉग चाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. २०२२ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीत इंटेलच्या हेइक्की क्रोगेरुस यांनी लिहिलेली पॉवर डिलिव्हरीची वेगळी मांडणी दाखल झाली. तिचा कोड यूएसबी ड्रायव्हरांच्या टाइपसी फोल्डरातल्या ‘पीडी.सी’ या छोट्या फाइलमध्ये आहे. कोणी नवीन पीडी कंट्रोलरसाठी ड्रायव्हर लिहीत असेल किंवा जुना ड्रायव्हर या मांडणीला जोडत असेल, तर त्याला कामाच्या ओघात लागेल त्या क्रमाने पुढचं लिहिलं आहे. कोडमधली नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत टाइप करायची.

आधी हातातल्या मशीनवर बघून घ्या

कर्नल ६.० किंवा त्यानंतरचा असेल आणि टाइप-सीचा सपोर्ट चालू असेल, तर ‘/सिस/क्लास/यूएसबी_पॉवर_डिलिव्हरी’ ही डिरेक्टरी सापडते. आत पीडी०, पीडी१ अशा नोंदी असतात. साधारण एक तुमच्या पोर्टची, आणि चार्जर जोडलेला असेल तर एक त्याची. कोणती कोणाची हे या आकड्यांवरून ठरवू नका. ते आकडे नोंदणीच्या क्रमाने मिळतात आणि चार्जर काढून घातला की बदलू शकतात. ‘/सिस/क्लास/टाइपसी’ मधल्या पोर्टच्या किंवा पार्टनरच्या फोल्डरात ‘यूएसबी_पॉवर_डिलिव्हरी’ नावाची लिंक असते, तिच्यावरून जा.

डिरेक्टरी रिकामी असेल तर लगेच ड्रायव्हरवर संशय घेऊ नका. बहुतेक लॅपटॉपांत पीडीचं बोलणं एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे मदरबोर्डवरचा वेगळा छोटा प्रोसेसर, करतो आणि कर्नल त्याच्याशी यूसीएसआय या इंटरफेसने बोलतो. यूसीएसआयमध्ये पीडीओचा तपशील देणं ही फर्मवेअरच्या मर्जीची गोष्ट आहे. फर्मवेअरने ‘ही सोय माझ्याकडे नाही’ असं सांगितलं की कर्नलकडे दाखवायला काही उरत नाही. शिकण्यासाठी मशीन निवडायचं असेल तर एफयूएसबी३०२ सारखी चिप असलेला बोर्ड किंवा पाइनबुक प्रोसारखा लॅपटॉप घ्या. तिथे चिप फक्त मेसेज पोचवते. वाटाघाटीची सगळी यंत्रणा कर्नलमधल्या टीसीपीएम या भागात चालते, त्यामुळे आत काय घडतंय ते तुम्हाला ओळ न् ओळ वाचता येतं.

एक शब्द हाताने उलगडा

मॅक्रो वापरण्याआधी एकदा तरी कागदावर हे करा. पीडीओचे सगळ्यात वरचे दोन बिट, ३१ आणि ३०, प्रकार सांगतात: ०० म्हणजे फिक्स्ड, ०१ म्हणजे बॅटरी, १० म्हणजे व्हेरिएबल, ११ म्हणजे ऑगमेंटेड. कित्येक चार्जरांची पहिली नोंद अशी असते:

०००० १००० ०००० ०००१ १००१ ०००१ ००१० ११००

वरचे दोन बिट शून्य, म्हणून फिक्स्ड. बिट २७ चालू आहे, म्हणजे याच्यामागे भिंतीतली वीज आहे, बॅटरी नाही. बिट १९ ते १० मध्ये व्होल्टेज, ५० मिलिव्होल्टच्या पटीत: ०००११००१०० म्हणजे १००, आणि १०० गुणिले ५० म्हणजे ५००० मिलिव्होल्ट. बिट ९ ते ० मध्ये करंट, १० मिलिअँपिअरच्या पटीत: ०१००१०११०० म्हणजे ३००, म्हणून ३००० मिलिअँपिअर. झालं, ५ व्होल्ट ३ अँपिअर.

आता प्रोग्रामेबल सप्लायची, म्हणजे पीपीएसची, एक नोंद बघा:

११०० ०००१ १०१० ०१०० ००१० ०००१ ००११ ११००

वरचे दोन बिट ११, त्याखालचे २९ आणि २८ शून्य, म्हणून हा ऑगमेंटेडमधला पीपीएस. इथे मापं बदलतात. कमाल व्होल्टेज बिट २४ ते १७ मध्ये आणि तेही १०० मिलिव्होल्टच्या पटीत: २१०, म्हणजे २१ व्होल्ट. किमान व्होल्टेज बिट १५ ते ८ मध्ये: ३३, म्हणजे ३.३ व्होल्ट. करंट बिट ६ ते ० मध्ये, ५० मिलिअँपिअरच्या पटीत: ६०, म्हणजे ३ अँपिअर. बॅटरी प्रकारात तर शेवटच्या दहा बिटांत करंटच नसतो, पॉवर असते, २५० मिलिवॉटच्या पटीत. म्हणून प्रकार ठरवल्याशिवाय पुढच्या एकाही बिटाला हात लावायचा नाही. कर्नलच्या ‘पीडी.एच’ हेडरमध्ये प्रत्येक प्रकारासाठी वेगळी मदतनीस फंक्शनं आहेत, ती वापरा. स्वतःचे शिफ्ट आणि मास्क लिहिले तर पुढे कोड वाचणाऱ्याला ते पुन्हा पडताळत बसावं लागतं.

बाइटक्रमाकडेही इथेच लक्ष द्या. वायरवर हे शब्द लिटल-एंडियन क्रमाने, म्हणजे सगळ्यात खालचा बाइट आधी, जातात. चिपच्या बफरमधून बाइट उचलून थेट ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये टाकले तर तुमच्या लॅपटॉपवर सगळं ठीक दिसेल, आणि बिग-एंडियन मशीनवर कचरा. बफरचा प्रकार लिटल-एंडियन म्हणून जाहीर करा आणि कर्नलच्या रूपांतर फंक्शनातूनच शब्द बाहेर काढा, म्हणजे स्पार्स हे तपासणीचं साधन चूक पकडून देईल.

तीन पातळ्या, आणि त्या तशा का

मांडणीत तीन पातळ्या आहेत. वर पीडी डिव्हाइस: एका बाजूची, म्हणजे पोर्टची किंवा पार्टनरची, पॉवर डिलिव्हरीची ओळख. तिच्याखाली ‘सोर्स-केपेबिलिटीज’ आणि ‘सिंक-केपेबिलिटीज’, म्हणजे द्यायची यादी आणि घ्यायची यादी. पॉवर बँकसारखं उपकरण दोन्ही करतं, त्यामुळे त्याच्या एकाच पीडीखाली दोन्ही याद्या सापडतात. त्यांच्याखाली एकेक पीडीओ, आणि त्याचं नाव ‘१:फिक्स्ड_सप्लाय’, ‘५:प्रोग्रामेबल_सप्लाय’ असं: आधी नंबर, मग अपूर्णविराम, मग प्रकार.

अख्खी यादी एकाच फाइलमध्ये ओळीओळीने छापली असती तर कोड निम्मा झाला असता. पण सिसएफएसचा, म्हणजे ‘/सिस’ खालच्या या फाइलींचा, नियम एका फाइलीत एक मूल्य असा आहे, आणि तो इथे फार उपयोगी पडतो. मजकुराची रचना एकदा प्रोग्राम वाचू लागले की तिच्यात नवीन रकाना घालणं अवघड होतं. फोल्डरात नवीन फाइल घालायला कोणाची हरकत नसते. पॉवर डिलिव्हरीच्या प्रत्येक नव्या रिव्हिजनमध्ये राखीव बिटांपैकी काहींना अर्थ मिळतो, हे लक्षात घेतलं तर ही मोकळीक किती मोलाची आहे ते कळेल.

दुसरा पर्याय होता ३२ बिटांचा कच्चा शब्द तसाच बाहेर द्यायचा आणि अर्थ वरच्या प्रोग्रामने लावायचा. मला तो पटत नाही. प्रत्येक डेस्कटॉप, प्रत्येक स्क्रिप्ट आपापला उलगडा करणार, आणि वर पाहिलेल्या वेगवेगळ्या मापांत कुठेतरी चुकणार. अर्थ लावायचं काम एकाच जागी व्हावं आणि ती जागा कर्नल असावी, हा निर्णय योग्य वाटतो. निवड करण्याचं काम मात्र या थरात अजिबात येत नाही. ‘पीडी.सी’ मध्ये कोणतं व्होल्टेज घ्यावं याबद्दल एक ओळही नाही. समोरच्याने काय सांगितलं ते, सांगितलं त्या क्रमाने दाखवायचं, इतकंच.

पीडीची नोंदणी

हे काम छोटं आहे. ‘यूएसबी_पॉवर_डिलिव्हरी_डेस्क’ या स्ट्रक्चरमध्ये रिव्हिजन आणि व्हर्जन भरायचं आणि नोंदणीच्या फंक्शनाला द्यायचं. रिव्हिजन बीसीडी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक दशमान अंकाला चार बिट देऊन, लिहितात: ३.० साठी हेक्समध्ये ०३००, ३.१ साठी ०३१०.

स्वतःच्या पोर्टचं रिव्हिजन तुम्हाला चिपच्या माहितीपत्रकातून माहीत असतं. पार्टनरचं तसं नाही. मेसेजच्या हेडरमध्ये त्यासाठी दोनच बिट आहेत आणि त्यांतून १.०, २.० किंवा ३.० एवढंच कळतं. समोरचा ३.१ चा असला तरी हेडर ३.० च म्हणतं. म्हणून जेवढं कळलं तेवढंच भरा. व्हर्जनची फाइल याच कारणाने ऐच्छिक आहे: व्हर्जन शून्य असेल तर ती दिसतच नाही.

यादी भरताना

‘यूएसबी_पॉवर_डिलिव्हरी_केपेबिलिटीज_डेस्क’ मध्ये दोनच गोष्टी असतात: ७ शब्दांचा पीडीओ ॲरे आणि भूमिका, सोर्स की सिंक. नोंदणीचं फंक्शन ॲरेवर फिरतं, प्रत्येक शब्दासाठी ‘ॲड_पीडीओ’ बोलावतं आणि शून्य भेटलं की थांबतं. वेगळी संख्या द्यावी लागत नाही.

याचा पहिला परिणाम: स्टॅकवरचं स्ट्रक्चर वापरण्याआधी शून्याने भरा. नाहीतर ४ नोंदींचा चार्जर मागच्या कुठल्या तरी कचऱ्यासकट ७ नोंदींचा दिसेल.

दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. मध्येच शून्य आलं तर त्यापुढच्या नोंदी गायब होतात. नेहमीच्या यादीत मध्ये शून्य येत नाही. पण २०२१ च्या ३.१ रिव्हिजनने २४० वॉटपर्यंतची एक्स्टेंडेड रेंज आणली, २८, ३६ आणि ४८ व्होल्टची. तिच्या यादीत पहिल्या ७ जागा नेहमीच्या नोंदींसाठी राखून ठेवलेल्या असतात आणि मोठ्या व्होल्टेजच्या नोंदी ८ व्या जागेपासूनच सुरू होतात. चार्जरकडे नेहमीच्या ५ च नोंदी असतील तर ६ आणि ७ नंबरला शून्यं भरलेली असतात. अशी यादी या ७ शब्दांच्या, शून्यावर थांबणाऱ्या ॲरेत बसत नाही. ती बसवायला संख्या वेगळी पाठवावी लागेल आणि शून्य नोंद वगळून नंबर पुढे चालू ठेवावा लागेल. तुमच्या चिपने एक्स्टेंडेड यादी दिली तर शून्यं काढून नोंदी मागे सरकवायचा मोह होईल. तसं करू नका. २८ व्होल्टची नोंद ६ नंबरला दिसली तर ती खोटी माहिती आहे, कारण चार्जरच्या लेखी ती ८ नंबरला आहे.

‘ॲड_पीडीओ’ स्वतः हीच शिस्त पाळतं. ऑगमेंटेड प्रकारातला अनोळखी उपप्रकार भेटला की ते इशारा छापतं, डिव्हाइस बनवत नाही आणि यश परत करतं. नंबर मात्र खर्च होतो. त्यामुळे यादीत ४ नंतर थेट ६ दिसलं तर दचकू नका. ५ नंबरला काहीतरी आहे, फक्त तुमच्या कर्नलला ते वाचता येत नाही. वरचा प्रोग्राम लिहिताना फोल्डर मोजून नंबर काढायचा नाही, नावातलाच घ्यायचा.

नंबर सरकण्याची आणखी एक जागा यूसीएसआयमध्ये आहे. तिथे एका वेळी ४ च पीडीओ मिळतात, म्हणून मोठ्या यादीसाठी दोनदा विचारावं लागतं: पहिल्यांदा ऑफसेट ०, दुसऱ्यांदा ४. ऑफसेट शून्यापासून, पीडीओचा नंबर एकपासून. दोन्ही खेपा एकाच ॲरेत जोडून मगच एकदा नोंदणी करा. टीसीपीएमचा डीबग लॉगही ‘पीडीओ ०’ पासून मोजतो आणि सिसएफएस ‘१’ पासून. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना हे विसरलं की तासन् तास जातात.

यादी बरोबर आहे का हे कोणी तपासायचं? नियम ठरलेले आहेत: पहिली नोंद ५ व्होल्ट फिक्स्डच हवी, फिक्स्ड नोंदी चढत्या व्होल्टेजने, मग बॅटरी, मग व्हेरिएबल, मग ऑगमेंटेड. टीसीपीएम स्वतःच्या पोर्टची यादी, जी डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात, ‘सोर्स-पीडीओज’ आणि ‘सिंक-पीडीओज’ म्हणून लिहिलेली असते, या नियमांवर घासून घेतं आणि चुकली तर नाकारतं. समोरच्याची यादी चुकीची असेल तर ते लॉगमध्ये नोंदवतं आणि पुढे जातं. हा फरक तुमच्या ड्रायव्हरमध्येही ठेवा. आपण जगाला जे सांगतो ते काटेकोर हवं. समोरच्याने जे सांगितलं ते वेडंवाकडं असलं तरी जसंच्या तसं दिसायला हवं, कारण बिघडलेला चार्जर शोधणाऱ्याला नेमकं तेच बघायचं असतं.

पोर्टला आणि पार्टनरला जोडणं

पीडी डिव्हाइस आपणहून पोर्टशी जोडलं जात नाही. पोर्टसाठी आणि पार्टनरसाठी ‘सेट_यूएसबी_पॉवर_डिलिव्हरी’ची वेगवेगळी फंक्शनं आहेत, ती लिंक बनवतात आणि दोन्ही बाजूंचा रेफरन्स धरून ठेवतात. शून्य पॉइंटर दिला की लिंक तुटते.

पोर्टकडे जाहीर करायला एकाहून जास्त याद्या असू शकतात. उदाहरणार्थ, चार पोर्टांच्या डॉकमध्ये दोन पोर्ट वापरात आले की उरलेल्यांनी कमी पॉवर जाहीर करायची. त्यासाठी ड्रायव्हरने ‘पीडी_गेट’ आणि ‘पीडी_सेट’ ही दोन ऑपरेशनं द्यायची. मग पोर्टच्या फोल्डरात ‘सिलेक्ट_यूएसबी_पॉवर_डिलिव्हरी’ ही फाइल दिसते. तिच्यात सगळे पर्याय असतात, चालू असलेला चौकटी कंसात, आणि दुसऱ्याचं नाव लिहिलं की बदल होतो. एकच यादी असेल तर या वाटेला जायची गरज नाही.

फाइली: कोणत्या दाखवायच्या आणि कोणत्या एककात

पीडीओच्या फोल्डरातल्या प्रत्येक फाइलचं नाव स्पेसिफिकेशनमधल्या फील्डचं असतं. व्होल्टेजच्या फाइलमध्ये ‘५०००एमव्ही’, करंटच्या फाइलमध्ये ‘३०००एमए’ असं एककासकट मूल्य मिळतं. सिसएफएसमध्ये बाकी बहुतेक ठिकाणी नुसता आकडा असतो, म्हणून स्क्रिप्ट लिहिताना एकक कापून घ्यावं लागतं. ही पद्धत आता बाहेर पसरलेल्या इंटरफेसचा भाग आहे. तुम्ही नवीन फाइल घातलीत तर तीच ठेवा.

पहिली फिक्स्ड नोंद खास आहे. ड्युअल रोल, यूएसबीवरून डेटा बोलता येतो का, बाहेरची वीज आहे का, हे सगळे बिट फक्त १ नंबरच्या नोंदीत अर्थपूर्ण असतात. बाकी फिक्स्ड नोंदींत त्या जागा राखीव आहेत. त्यामुळे या फाइली २ नंबरपासून पुढे दिसताच कामा नयेत. नुसतं ० छापलं तर ‘हे चार्जर ड्युअल रोल नाही’ असा चुकीचा निष्कर्ष कोणीतरी काढेल. ॲट्रिब्यूट ग्रुपच्या ‘इज_व्हिजिबल’ फंक्शनात नंबर बघून त्या लपवलेल्या आहेत. माहिती नाही आणि माहिती शून्य आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा हा साधा आणि चांगला मार्ग आहे.

सोर्स आणि सिंक यांच्यासाठी डिव्हाइस टाइपही वेगळे ठेवलेले आहेत, कारण तोच बिट दोघांसाठी वेगळं बोलतो. बिट २८ सोर्सच्या नोंदीत ‘यूएसबी सस्पेंड पाळावं लागेल’ असं सांगतो, सिंकच्या नोंदीत ‘मला पूर्ण चालायला ५ व्होल्टपेक्षा जास्त लागतं’ असं. शेवटच्या दहा बिटांना सोर्सकडे ‘मॅक्झिमम_करंट’ म्हणतात, सिंककडे ‘ऑपरेशनल_करंट’. एकाच टाइपमध्ये जागोजागी भूमिका तपासून हे करता आलं असतं, पण दोन स्वतंत्र कोष्टकं वाचायला स्वच्छ राहतात.

नवीन फाइल घालायची तर डॉक्युमेंटेशनच्या एबीआय फोल्डरात तिचं वर्णन त्याच पॅचमध्ये लिहा. एकक, संभाव्य मूल्यं आणि फाइल कधी दिसत नाही, तिन्ही.

यादी बदलते तेव्हा

चार्जर एकदा यादी पाठवून गप्प बसत नाही. दुसऱ्या पोर्टवर फोन जोडला की दोन पोर्टांचा चार्जर पहिल्या पोर्टला नवीन, छोटी यादी पाठवतो. रोल स्वॅपनंतर (पॉवर देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल), हार्ड रिसेटनंतर यादी पुन्हा येते. केबलही यादी बदलते: ३ अँपिअरच्या वर जायला केबलमध्ये ई-मार्कर चिप लागते, आणि ती नसेल तर तोच ६५ वॉटचा चार्जर २० व्होल्टला ३.२५ ऐवजी ३ अँपिअरच जाहीर करतो.

नोंदवलेली यादी कधीही जागच्या जागी बदलायची नाही. तसं फंक्शनही नाही. जुनी काढायची, पॉइंटर शून्य करायचा, मग नवीन नोंदवायची. जुनी तशीच ठेवून नवीन नोंदवली तर ‘सोर्स-केपेबिलिटीज’ नावाचं फोल्डर आधीच असल्याने सिसएफएस डुप्लिकेट नावाची तक्रार करतं आणि नोंदणी फसते. टीसीपीएममध्येही ही त्रुटी राहिली होती आणि नंतर दुरुस्त झाली. तुमच्या ड्रायव्हरमध्ये यादी नोंदवणारी जागा एकच ठेवा आणि तिच्या पहिल्या ओळीत जुनी काढून टाका.

नोंदणीत मेमरी मागितली जाते आणि ती मागणी झोपू शकते, म्हणजे मेमरी मिळेपर्यंत थांबून राहू शकते. म्हणून इंटरप्ट हँडलरमधून किंवा स्पिनलॉक धरून हे करता येत नाही. वर्कर थ्रेडमधूनच करायचं. दुसरीकडे, यादी पाठवल्यावर चार्जर उत्तराची वाट साधारण ३० मिलिसेकंदच बघतो. वाटाघाटी तुमचा ड्रायव्हरच करत असेल तर या वाटेत लांबणारी दुसरी कामं घालू नका.

मेमरीचा नियम सोपा आहे, पण तो मोडलेला वारंवार दिसतो. डिव्हाइस नोंदवायचा प्रयत्न एकदा केला की ती मेमरी तुमची राहत नाही. नोंदणी फसली तरी ‘केफ्री’ करायचं नाही, ‘पुट_डिव्हाइस’ करायचं, आणि शेवटचा रेफरन्स सुटला की रिलीज फंक्शन ती मोकळी करतं. काढताना क्रम उलटा: आधी लिंक तोडा, मग याद्या काढा, मग पीडी, शेवटी पार्टनर.

वरच्या प्रोग्रामला बदल कसा कळणार? पीडी डिव्हाइसला क्लास आहे, त्यामुळे त्याचा युइव्हेंट, म्हणजे कर्नलकडून वरच्या प्रोग्रामांना मिळणारी सूचना, येतो. पण तो याद्या भरण्याआधीच निघून गेलेला असतो. याद्या आणि पीडीओ यांना ना क्लास ना बस, म्हणून त्यांचे युइव्हेंट येतच नाहीत. तेव्हा एकेका पीडीओच्या घटनेची वाट बघणारा प्रोग्राम लिहू नका. पॉवर सप्लायच्या घटनेवर अख्खी यादी नव्याने वाचा, आणि वाचता वाचता फोल्डर नाहीसं झालं तर ती चूक न मानता पुन्हा सुरुवात करा.

ठरलेला करार इथे शोधू नका

‘आत्ता किती व्होल्टवर चार्ज होतंय?’ याचं उत्तर या मांडणीत नाही. इथे आहे ती फक्त देऊ केलेली यादी. लॅपटॉपने केलेली विनंती, म्हणजे रिक्वेस्ट डेटा ऑब्जेक्ट, आणि त्यातून ठरलेलं व्होल्टेज ‘/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय’ मध्ये दिसतं. टीसीपीएम प्रत्येक पोर्टसाठी तिथे एक पॉवर सप्लाय नोंदवतं. दोन्हीकडचे आकडे ताडून बघताना एकक तपासा: पॉवर सप्लायमध्ये मायक्रोव्होल्ट आणि मायक्रोअँपिअर असतात, एकक न लिहिता. इकडचं ‘२००००एमव्ही’ म्हणजे तिकडचं २०००००००.

तपासणी

पहिली तपासणी हाताने. एक साधा चार्जर, एक पीपीएसचा, एक दोन पोर्टांचा आणि एक पॉवर बँक घ्या. प्रत्येकाची यादी चार्जरच्या पाठीवर छापलेल्या आकड्यांशी ताडून बघा. दोन पोर्टांच्या चार्जरला दुसऱ्या पोर्टवर फोन जोडा आणि यादी आक्रसते का बघा. ६५ वॉटचा चार्जर ई-मार्कर नसलेल्या केबलने जोडा. २० व्होल्टच्या नोंदीत ३२५०एमए ऐवजी ३०००एमए दिसायला हवं. पॉवर बँकशी पॉवर रोल स्वॅप करून दोन्ही फोल्डरं जागच्या जागी आहेत ना, हे बघा.

नंतर मेमरीची. कर्नल केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा) आणि ‘डीबग_कोब्जेक्ट_रिलीज’ हे दोन पर्याय चालू करून बांधा. दुसरा पर्याय ऑब्जेक्ट मोकळं करणं मुद्दाम लांबवतो, त्यामुळे रिलीजआधीच मेमरी सोडणारा कोड लगेच उघडा पडतो. एका टर्मिनलमध्ये पार्टनरच्या पीडीओतली व्होल्टेजची फाइल सतत वाचणारा लूप चालू ठेवा, दुसऱ्यात लॉग, आणि चार्जर पुन्हा पुन्हा काढा-घाला. वाटाघाटी अर्धवट असताना, म्हणजे प्लग घातल्या घातल्या, काढून बघा. पार्टनर नोंदला गेला पण यादी अजून आली नाही अशी अवस्था त्यातच सापडते. शेवटी चार्जर जोडलेला असतानाच ड्रायव्हरचा मॉड्यूल उतरवा आणि पुन्हा चढवा. पोर्टची पीडी, तिच्या दोन्ही याद्या आणि पार्टनरची लिंक पहिल्यासारखी उभी राहिली आणि लॉगमध्ये डुप्लिकेट नावाची एकही ओळ नसेल, तर ड्रायव्हर पाठवायला तयार आहे.